सेक्टरातले रस्ते चालायला आणि सायकलला सुरक्षित करायचे असतील तर वाहतूक पोलिसांकडून कारवाई कशी मागायची आणि ती टिकवायची कशी

नवी मुंबईत रस्ते रुंद आहेत, बऱ्याच सेक्टरांत फूटपाथ आहेत, झाडं आहेत, सिग्नल आहेत. तरी संध्याकाळी सातच्या सुमाराला नेरुळ स्टेशनच्या बाहेर किंवा कोपरखैरणेच्या आतल्या रस्त्यावर आईला घेऊन रस्ता ओलांडायचा म्हटलं की हात घट्ट धरून दोन्हीकडे बघत, एक गाडी जाऊ दे, दुसरी जाऊ दे करत उभं राहावं लागतं, आणि शेवटी कुणीच थांबत नाही म्हणून पळतच जावं लागतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पायाखाली असतात, पण ते बघून ब्रेक दाबणारा क्वचितच भेटतो. म्हणजे अडचण फक्त बांधकामाची नाहीये, नियम मोडला तर काहीतरी होईल असं कुणाला वाटतच नाही ही खरी अडचण आहे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगामुळे झाले असं केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. हे सगळं हायवेवरचं आहे असं समजू नका. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे आपल्या पाम बीच रोडवर नेरुळजवळ इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत असताना कॅबने धडक दिली आणि ते गेले.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना आपल्या सोसायटीभोवतालच्या रस्त्यासाठी खरंच काही करायचंय, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून चिडायचं नाहीये. माझं म्हणणं थोडक्यात असं की पोलिसांकडे माणसं कमी आहेत हे खरंच आहे, त्यामुळे "आमच्या भागात ट्रॅफिकचं काहीतरी करा" या मागणीतून काहीच निघत नाही, पण एक जागा, एक गुन्हा, एक वेळ अशी मागणी आकड्यांसकट केली तर ती नाकारणं अवघड जातं आणि तेवढी कारवाई त्यांना परवडतेही.

आधी जागा ठरवा

पाच-सहा जण जमा, त्यात निदान एक शाळेत पोर सोडणारी आई किंवा बाबा, एक ज्येष्ठ नागरिक आणि एक रोज सायकल चालवणारा असू दे, कारण गाडीतून जाणाऱ्याला जो चौक ठीक वाटतो तोच काठी टेकत जाणाऱ्याला भयंकर वाटतो. सेक्टरचा नकाशा मोबाईलवर उघडा आणि प्रत्येकाला विचारा की तू कुठे घाबरतोस. चार-पाच जागा निघतील. त्यातली एकच निवडा. मोह होतो सगळ्या टाकायचा, टाकू नका.

निवडताना मी तरी शाळेचं गेट, स्टेशनची बाहेर पडायची वाट, मार्केटमधलं क्रॉसिंग यांना आधी धरीन. तिथे माणसं जास्त असतात, वेळ ठरलेली असते आणि पोलिसांना तासाभरात काम दाखवता येतं. मग त्या जागी सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे ते बघा. वेग आहे, की राँग साइड, की फूटपाथवर लावलेल्या बाईक, की सिग्नल तोडणं, की शाळेसमोर डबल पार्किंग?

शाळेचं उदाहरण बघू. दुपारी शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी गेटसमोर व्हॅन लागतात, त्यांच्या बाहेरून रिक्षा, रिक्षांच्या बाहेरून स्कूटरवर बसलेले पालक. दोन लेनचा रस्ता एका लेनचा होतो. पोरगं गेटमधून निघतं, व्हॅन आणि रिक्षाच्या मधल्या फटीतून डोकं बाहेर काढतं, आणि त्याच क्षणी मोकळ्या राहिलेल्या लेनमधून येणाऱ्या गाडीवाल्याला ते पहिल्यांदा दिसतं. इथे वेगापेक्षाही ती दुसरी रांग जास्त धोक्याची आहे, कारण तिच्यामुळे पोर दिसतच नाही. म्हणजे मागणी "शाळेसमोर पोलीस द्या" अशी नको, "गेटच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या रांगेत एकही गाडी थांबू नये, शाळा सुटायच्या अर्ध्या तासात" अशी हवी. फरक लक्षात घ्या. पहिल्या मागणीवर शिपाई येऊन सावलीत उभा राहील, दुसऱ्या मागणीवर त्याला नेमकं काय करायचंय ते कळेल.

मोजा, आणि नीट मोजा

बरेच लोक ही पायरी गाळतात आणि मग "साहेबांनी लक्षच दिलं नाही" म्हणतात. तीन दिवस, रोज एकाच वेळी, एक तास. दोन कामाचे दिवस आणि एक शनिवार घेतला तर बरं.

वेग मोजायला स्पीड गन लागत नाही. रस्त्याच्या कडेला पावलांनी नाही, टेपने मोजून ५० मीटरवर खडूने दोन खुणा करा. फूटपाथवर सुरक्षित जागी उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, दोन्ही खुणा फ्रेममध्ये आल्या पाहिजेत. घरी येऊन बघा की गाडीला पहिल्या खुणेपासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, ३ सेकंद म्हणजे ६०. हाताने स्टॉपवॉच दाबलं तर बोटाची चूक होते म्हणून व्हिडिओच बरा. निदान १०० गाड्या मोजा, ज्यांच्यापुढे दुसरी गाडी नाही अशाच घ्या, कारण गर्दीत अडकलेली गाडी हळूच जाणार. मग सगळे वेग कमी ते जास्त असे ओळीने लावा आणि ८५ वा आकडा बघा. वाहतूक इंजिनिअर याच आकड्याकडे बघतात, त्यामुळे अर्जात "८५ टक्के गाड्या ताशी इतक्या किंवा त्याहून कमी वेगाने जातात, उरलेल्या त्याहून जोरात" असं लिहिलं की समोरच्याला कळतं की ही माणसं नुसती ओरडत नाहीयेत.

वेगाचा फरक साधा दिसतो पण नसतो. चांगला ब्रेक, कोरडा रस्ता आणि दचकून ब्रेक दाबायला एक सेकंद धरला तर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची साधारण २८ मीटरमध्ये. म्हणजे १५ मीटरवर पोर रस्त्यात आलं तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल आणि दुसरीचा ब्रेक तिथवर जेमतेम लागायला सुरुवात झालेली असेल, ती जवळजवळ पूर्ण वेगात धडकेल. रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेतल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा मागितलीय ती याच कारणासाठी. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ७० पर्यंतची कमाल मर्यादा आहे, बाईकला ६०, पण राज्य आणि स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, आणि शाळेजवळ ती कमी करून मागणं हा आपला हक्कच आहे.

बाकीच्या गोष्टी मोजणं सोपं आहे. राँग साइड असेल तर तासात किती आल्या, त्यात बाईक किती, रिक्षा किती. फूटपाथ असेल तर ठरावीक १०० मीटरमध्ये किती गाड्या उभ्या आहेत आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी कुठे अडते. फूटपाथवर चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, टेप लावून ती मोजा आणि फोटो काढा. क्रॉसिंग असेल तर पट्ट्यांवर माणूस उतरल्यावर पहिल्या दहा गाड्यांतल्या किती थांबल्या ते लिहा. हा आकडा वाचून फार वाईट वाटतं, पण नेमका हाच आकडा बैठकीत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

कुठल्या कामाला कुठल्या दारी जायचं

इथे लोकांची सगळ्यात जास्त दमछाक होते. पोलिसांकडे गेलं की ते म्हणतात बोर्ड नाही, पट्टे नाहीत, कारवाई कशी करू. महापालिकेत गेलं की म्हणतात पोलिसांची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा, मग बोर्ड लावतो. दोघंही आपापल्या जागी चुकीचं बोलत नसतात, म्हणून दोघांना एकाच दिवशी जागेवर आणायचं. त्याला संयुक्त पाहणी म्हणतात आणि अर्जात हाच शब्द वापरा.

नवी मुंबईत रस्ता, पट्टे, बोर्ड, स्पीड ब्रेकर, फूटपाथ हे महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागाचं काम, आणि आपल्यासाठी पहिलं दार म्हणजे विभाग कार्यालय, म्हणजे बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा यातलं आपलं जे असेल ते. चलान, टोइंग, सिग्नलवरची ड्युटी आणि पार्किंगची अधिसूचना हे नवी मुंबई पोलिसांच्या वाहतूक शाखेचं. वाहतूक शाखेची भागवार युनिट असतात, तिथल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटायचं. शाळेची व्हॅन, परमिट, फिटनेस, जास्त पोरं कोंबणं हे आरटीओचं, वाशी आरटीओ म्हणजे एमएच ४३. खारघर, कळंबोली, कामोठेवाल्यांना पनवेल महापालिका आणि एमएच ४६ लागतं, नवी मुंबई महापालिकेत खेटे घालू नका. सायन-पनवेल हायवेसारख्या रस्त्याचं काम विभाग कार्यालयात सुटणार नाही, तिथे आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते लेखी विचारून घ्या.

एखाद्या गल्लीत नो पार्किंग, एकदिशा मार्ग किंवा सम-विषम तारखेचं पार्किंग हवं असेल तर वाहतूक शाखेचे उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६, ११७ खाली अधिसूचना काढतात, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि मग ती कायम होते. इथे दुकानदारांच्या हरकती ढिगाने येतात आणि चालणाऱ्यांचं एकही पत्र जात नाही, म्हणून हरकतींच्या मुदतीत सोसायट्यांकडून पाठिंब्याची पत्रं द्या, साध्या चार ओळींची चालतात.

आणि हे विसरू नका की बोर्ड झाडाच्या फांदीमागे असेल, पट्टे पुसलेले असतील तर चलान वादात सापडतं आणि शिपायालाही रोज भांडण नको असतं. आधी बोर्ड आणि पट्टे, मग कारवाई. उलट्या क्रमाने गेलात तर दोन महिने वाया जातात.

कायद्यात काय आहे ते माहीत असू द्या

वकिलासारखं बोलायची गरज नाही, पण चार-पाच गोष्टी तोंडपाठ असल्या की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. वेगासाठी कलम १८३, हलक्या गाडीला १,००० ते २,००० रुपये दंड. सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल हातात धरणं आणि उलट्या दिशेने गाडी चालवणं या गोष्टी धोकादायक असतील तर कलम १८४ मध्ये येतात, पहिल्या वेळेला १,००० ते ५,००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. राँग साइडला "अहो दोन मिनिटांचा तर रस्ता" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. गाडी धोकादायक पद्धतीने सोडून जाण्यावर कलम १२२ आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर गाडी हळू करून, थांबून पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं स्पष्ट लिहिलंय, आणि फूटपाथ किंवा सायकल ट्रॅकवरून गाडी चालवायला मनाई आहे.

रस्ता चुकीचा बांधला किंवा नीट राखला नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर कलम १९८अ खाली जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, पण पत्रात एका ओळीत उल्लेख असला की फाइल जरा लवकर हलते. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलंय की अडथळे नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचा भाग आहे, ही ओळ तर प्रत्येक अर्जात टाका.

अर्ज असा लिहा

एक पान, त्याहून जास्त नको. साधारण असा:

"प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा, (युनिट). विषय: सेक्टर अमुक, अमुक शाळेसमोर शाळा सुटण्याच्या वेळी दुसऱ्या रांगेतील पार्किंगवर नियमित कारवाई व संयुक्त पाहणीबाबत. महोदय, आम्ही खालील सोसायट्यांचे रहिवासी व पालक आहोत. तारीख अमुक ते अमुक, दुपारी अमुक ते अमुक या वेळेत आम्ही जागेवर नोंद घेतली. दुसऱ्या रांगेत तासात सरासरी इतकी वाहने थांबतात, पादचारी उतरल्यावर दहापैकी इतकीच वाहने थांबतात. तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत. विनंती अशी की, पहिल्या आठवड्यात सूचना व जनजागृती आणि त्यानंतर तीन आठवडे सदर वेळेत कारवाई करावी, तसेच महापालिका अभियंत्यांसह संयुक्त पाहणीची तारीख द्यावी. पाहणीस आमचे दोन प्रतिनिधी हजर राहतील."

खाली सोसायट्यांचे शिक्के, शाळेचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. एक प्रत विभाग कार्यालयाला, एक नगरसेवकांना. आवक-जावकमधून आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, पुढच्या प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न तोच असतो.

भेटायला तिघंच जा. वीस जण गेले की तो मोर्चा होतो आणि साहेब बचावात जातात. तक्ता समोर ठेवा, व्हिडिओतली तीस सेकंदं दाखवा आणि त्यांना विचारा की तुम्हाला काय अडचण येते. बऱ्याचदा उत्तर असतं की माणूस आहे पण टोइंग व्हॅन दुसरीकडे असते, किंवा पकडलं की लगेच कुणाचातरी फोन येतो. दुसऱ्या गोष्टीवर आपला उपाय आहे, नगरसेवकांना आधीच भेटून सांगायचं की या एका जागेसाठी फोन करू नका, इथे आपलीच पोरं आहेत.

कारवाई कशी मागायची

एक दिवसाची मोठी मोहीम आणि पेपरात फोटो, याचा उपयोग फार टिकत नाही. मला विचाराल तर दंड किती मोठा यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती, यावर माणसाचं वागणं बदलतं. म्हणून मागणी अशी करा की आठवड्यातून तीन-चार दिवस, ठरलेल्या अर्ध्या-एक तासात, तीन आठवडे सलग. त्यानंतर रोज नको, पण न सांगता मधूनच एखादा दिवस, म्हणजे येणाऱ्याच्या मनात कायम राहतं की आज असतील.

पहिला आठवडा फक्त सूचना द्यायला सांगा, शाळेने पालकांना मेसेज टाकावा, रिक्षा स्टँडवर जाऊन संघटनेशी बोलून घ्यावं. पुढे दंड लागला की "आधी सांगायला हवं होतं" हा वाद राहत नाही.

कॅमेऱ्यांवर सगळं सोडू नका. कॅमेऱ्यातून ई-चलान जातं, त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आहे, गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस जायला हवी आणि पुढे कॅमेरा आहे असा बोर्डही आधी हवा. सिग्नल आणि पाम बीचसारख्या लांब रस्त्याच्या वेगासाठी कॅमेरा चांगलाच. पण बरेच लोक ई-चलानचा मेसेज बघून सोडून देतात, लोकअदालतीची नोटीस येईपर्यंत थांबतात, त्यामुळे शाळेसमोर आणि मार्केटमध्ये समोर उभा राहून गाडी बाजूला घ्यायला लावणारा माणूस अजून तरी लागतोच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. फूटपाथ मोकळा करायचा म्हटलं की पहिली नजर फेरीवाल्यांवर जाते. १०० मीटर मोजून बघा, बऱ्याच ठिकाणी दुकानाबाहेर आलेला माल, बोर्ड, जनरेटर आणि उभ्या बाईक यांनी जास्त जागा खाल्लेली दिसेल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती आहे, फेरीवाला क्षेत्र ठरवायचं काम तिथे होतं. भाजीवालीला हाकलून त्याच जागी चार बुलेट उभ्या राहणार असतील तर चालणाऱ्याला काय मिळालं?

नागरिकांनी फोटो काढताना

महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये नियमभंगाचा फोटो टाकून तक्रार करायची सोय आहे. फोटोत नंबर प्लेट, गुन्हा आणि जागा ओळखू येईल अशी एखादी खूण, तिन्ही एकत्र दिसलं पाहिजे, झूम करून फक्त नंबर प्लेट काढली तर उपयोग नाही. तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका, शेजाऱ्याशी वैर होतं आणि मूळ काम बाजूला राहतं. गाडी अडवायची नाही, चावी काढायची नाही, हुज्जत घालायची नाही, बायका-मुलांचे चेहरे येतील असे फोटो टाळायचे. अपघातच झाला तर ११२ आणि १०८, आणि मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, कलम १३४अ, त्यामुळे घाबरून लांब उभे राहू नका.

आपल्याच गेटच्या आत

हे बोलायला कुणाला आवडत नाही. सेक्टरात सुसाट जाणाऱ्या स्कूटरवर आपल्याच बिल्डिंगमधलं नववी-दहावीचं पोर असतं, क्लासला जायचंय म्हणून बाबांनीच चावी दिलेली असते. कलम १९९अ खाली अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात, २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. ताशी २५ च्या आतली, कमी ताकदीची इलेक्ट्रिक स्कूटर यात येत नाही, तिला लायसन्स लागत नाही, पण बाकी सगळ्या येतात. ही माहिती सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवा आणि लिफ्टजवळ लावा. सिक्युरिटीला सांगा की अल्पवयीन पोरगं गाडी काढताना दिसलं की घरी इंटरकॉम करायचा. एवढ्याने बराच फरक पडतो.

डिलिव्हरीवाल्या मुलांबद्दल राग असतो, राँग साइडने ते येतात हे खरंच आहे. पण नकाशा बघा, बऱ्याच वेळेला दुभाजकातली पुढची फट इतकी लांब असते की सोसायटीच्या गेटला यायला मोठा वळसा पडतो आणि वरून वेळेची टांगती तलवार. तिथे दंडाबरोबरच फट कुठे असावी याचा प्रस्ताव संयुक्त पाहणीत मांडा. शक्य असेल तर सोसायटीने बाजूचं गेट त्यांच्यासाठी उघडून द्यावं. आणि ऑर्डर देताना आपणही त्यांना घाई करू नये.

स्पीड ब्रेकर मागताना

प्रत्येक सोसायटीला गेटसमोर ब्रेकर हवा असतो आणि मग कुणीतरी रातोरात डांबराचा उंचवटा टाकतो, ज्यावर म्हाताऱ्यांच्या पाठी मोडतात आणि बाईक घसरतात. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असं आहे, गोलाकार चढ, ताशी २५ च्या वेगाने पार होईल असा. पट्टे आणि आधी सूचना देणारा बोर्डही हवा. शाळेसमोर त्यापेक्षा चांगलं म्हणजे उंच केलेलं क्रॉसिंग, फूटपाथच्या पातळीला, ज्यावर गाडीला चढावं लागतं आणि पोराला उतरावं लागत नाही. फूटपाथच्या तोंडाशी बाईक चढू नये म्हणून खांब लावतात, तिथे व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवायला सांगा. एकदा हे झालं की तिथे पोलीस उभा करायची गरज बरीच कमी होते, म्हणून कारवाईच्या महिन्यातच या कामाचा अर्जही पुढे सरकवत राहा.

सायकलवाल्यांची वेळ वेगळी

पाम बीचवर सायकल चालवणारे पहाटे निघतात, त्या वेळी रस्ता मोकळा म्हणूनच गाड्याही सुसाट असतात आणि सिग्नलवर कुणी नसतं. त्यामुळे सायकलवाल्यांनी मागणी पहाटे पाच ते सातची करावी, इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजायचं यंत्र बसवलेली पोलिसांची गाडी, किंवा वेगाचा कॅमेरा, आणि शनिवार-रविवारी पहाटे ड्रंक अँड ड्राइव्हची तपासणी, कारण रात्रीची पार्टी संपवून घरी जाणारा आणि पहाटे व्यायामाला निघालेला एकाच रस्त्यावर भेटतात. दारू पिऊन गाडी चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, कलम १८५. आपल्याकडून मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आणि सिग्नल आपणही पाळायचा. सिग्नल तोडणाऱ्या सायकलवाल्याच्या अर्जाला वजन येत नाही.

ठाणेकरांसाठी थोडं वेगळं

ठाण्यात विभाग कार्यालयाऐवजी प्रभाग समिती, म्हणजे नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा वगैरे, आणि वाहतूक शाखा ठाणे पोलीस आयुक्तालयाची. गोखले रोड, राम मारुती रोडसारख्या जुन्या भागात जागाच कमी, तिथे सम-विषम पार्किंगची काटेकोर अंमलबजावणी आणि दुकानदारांशी बोलणं हाच मार्ग. घोडबंदर रोडची गोष्ट मोठी आहे, मेट्रोचं काम, अवजड वाहनं, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम, त्यामुळे मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या लोकांनी दोनच गोष्टी धराव्यात असं मला वाटतं. एक, अवजड वाहनांच्या ठरवून दिलेल्या वेळा नक्की पाळल्या जातायत का याची नोंद ठेवायची. दोन, बॅरिकेड लावताना पायी माणसासाठी सलग, उजेड असलेली वाट ठेवली नाही तर त्याच दिवशी फोटोसकट ठेकेदार नेमणाऱ्या यंत्रणेला आणि वाहतूक शाखेला लेखी कळवायचं.

उत्तर आलं नाही तर

तीन आठवडे थांबा, मग आवक क्रमांक घेऊन परत जा. तरी हललं नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, आणि माहितीचा अधिकार. फी १० रुपये, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून प्रश्न छोटे ठेवा: अमुक अर्जावर काय कारवाई झाली, अमुक चौकात मागच्या सहा महिन्यांत कुठल्या कलमाखाली किती चलान झाली, संयुक्त पाहणीचा अहवाल द्यावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. चलानचे आकडे हातात आले की पुढचं बोलणं एकदम बदलतं. सगळी चलानं हेल्मेटची आणि राँग साइडचं एकही नाही असं दिसलं तर तेच घेऊन उपायुक्तांना भेटा, किंवा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी मांडा.

परत मोजा

कारवाई संपल्यावर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच खुणांवर परत मोजायचं. आणि दोन महिन्यांनी अजून एकदा, कारण खरा निकाल पोलीस उभे नसतात तेव्हा कळतो. आकडा सुधारला असेल तर दोन्ही तक्ते घेऊन वरिष्ठ निरीक्षकांना भेटा आणि उन्हात उभं राहिलेल्या शिपायांची ड्युटी चांगली झाली असं त्यांच्या वरिष्ठांना लेखी कळवा. तक्रारीचं पत्र सगळेच देतात, असं पत्र त्यांना फार कमी मिळतं, आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उचलला जातो. आकडा सुधारला नसेल तर कारण शोधा, वेळ चुकली होती का, की शिपायाला दुसरीकडे नेलं, की रस्त्याची रचनाच अशी आहे की तिथे कुणीही वेग घेणारच. तसं असेल तर कारवाई वाढवून मागू नका, महापालिकेकडे रस्त्याचा बदल मागा.

यानंतर यादीतली दुसरी जागा घ्या. पट्टे पावसाळ्यात पुसले जातात आणि रंगवायची कामं पाऊस थांबल्यावर सुरू होतात, तेव्हा क्रॉसिंग आणि स्टॉप लाइन नव्याने मारून हवी असेल तर अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीलाच विभाग कार्यालयात टाका, सोबत जागेचा फोटो आणि जुन्या अर्जाचा आवक क्रमांक, म्हणजे पहिल्या यादीत तुमचा चौक लागेल.